न पेटलेल्या एकसष्ट चुली

एस्नार्ट चिंगोता वर्गात कधी खुर्चीवर बसली नाही. राजधानी लिलोंग्वेजवळच्या शेतकी कॉलेजात तिने सव्वीस वर्षं शिकवलं. खुर्चीवर तिची पिशवी बसायची आणि ती स्वतः फळ्यापासून खिडकीपर्यंत फेऱ्या मारायची. तिच्याकडे बघून बघून पहिल्या बाकावरच्यांच्या माना तासाभरात दुखायला लागत. जेवायचीसुद्धा उभ्याने. बरोबरीचे शिक्षक म्हणत, "एस्नार्ट, तू मेलीस की तुला उभीच पुरावं लागणार." ती म्हणायची, "पुरा. जागा कमी लागेल. उरलेल्या जागेत मक्याच्या दोन ओळी लावा."

विषय तिचा शेतीचं अर्थशास्त्र. पण बाजारभाव, निर्यात, तंबाखूचे लिलाव यांत तिला काडीचा रस नव्हता. तिला एवढंच हवं असे: गावातलं एक घर वर्षभर जगतं कसं? पिकवतं किती, शिजवतं किती, पावसाळ्याच्या मध्यावर, जुना मका संपलेला आणि नवा अजून हिरवा असतो तेव्हा, त्या घरातलं कोण अर्धपोटी राहतं? भाषणात हे सगळेच बोलतात. तिने ते मोजायला घेतलं. चार वर्षं नॉर्वेच्या थंडीत काढून डॉक्टरेट घेऊन आली आणि आल्यावर तिने एक निळी पुस्तिका लिहिली: गावात पाहणीला जाल तर कसं विचारायचं, काय लिहायचं. चौसष्ट पानं, चाळीस नियम. देशात कुठेही कुणी घरं मोजायला निघालं की त्याच्या बगलेत ती निळी पुस्तिका असायचीच. तिला लग्नाने फारसं काही दिलं नव्हतं. नवरा तिच्या गावी घरजावई व्हायला तयार नव्हता आणि ती कुणाच्याच गावी राहायला तयार नव्हती. सहा वर्षांत दोघं आपापल्या वाटेने गेली. एक मुलगी, ती ब्लांटायरला नोकरीत. तेव्हा पुस्तिका हेच तिचं घरदार म्हणायला हरकत नाही.

त्या पुस्तिकेतला पहिला नियम होता: एक चूल, एक कुटुंब. आणि नववा असा: "सात दिवसांत किती पीठ शिजवलं, याला शून्य हे उत्तर नाही. जिवंत माणसांच्या घरात सात दिवस चूल बंद राहत नाही. शून्य आलं म्हणजे पाहणी करणारा त्या घरी गेलेलाच नाही. असा कागद बाजूला काढावा."

नियमाला कारण होतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी तिने चार विद्यार्थ्यांना दारूच्या गुत्त्यावर बसून चाळीस कागद भरताना पकडलं होतं. घरं नाहीत, माणसं नाहीत, नुसते आकडे. तेव्हापासून तिचा कुणावर विश्वास नव्हता.

तर दोन हजार चारच्या जानेवारीतला, म्हणजे तिकडच्या ऐन पावसाळ्यातला, सोमवार. बारा गावांतले कागद आले होते. त्यांवरून दरवर्षी एक यादी निघे. माणशी ठरावीक मापापेक्षा कमी पीठ शिजवणारी घरं त्या यादीत जात आणि मका पिकेपर्यंतचे दोन महिने जिल्हा कचेरीतून त्यांना पीठ मिळे. यादी शुक्रवारी दुपारी बारापर्यंत द्यायची. एस्नार्ट वर्गात चालता चालता कागद चाळत होती आणि चिंबाले गावाच्या गठ्ठ्यापाशी थांबली.

"लुसुंगू न्यिरेंडा. उभी राहा."

लुसुंगू उभी राहिली. चोवीस वर्षांची, उत्तरेकडची, कमी बोलणारी.

"अठ्ठावीस घरं. त्यांत इथेही पाच शून्यं. पाच! नियम नऊ काय सांगतो?"

"शून्य हे उत्तर नाही, मॅडम."

"मग?"

"पण ते शून्यच होतं."

मागून कुणीतरी हसलं. एस्नार्टने चष्मा डोक्यावर चढवला. तिने चष्मा वर केला की शिकलेले लोक गप्प बसत.

"तुमच्या उत्तरेकडे लेकी सासरी जातात. इथे जावई सासरी येतात. एवढं तरी लक्षात आलं का गावात? का गाव लांबूनच बघितलंस, आंब्याखाली बसून?"

"मी घरात गेले होते. फैनेस नावाच्या विधवेचं घर. चूल थंडगार होती. राखेत कोंबडी बसली होती, अंडं घालायला."

"वा. मग कोंबडीला विचारायचंस, तिने तरी किती शिजवलं."

वर्ग खदखदून हसला. लुसुंगू हसली नाही, रडलीही नाही. म्हणाली, "विचारलं मी बाईंना. तीनदा विचारलं. त्या म्हणाल्या, शिजवलं नाही. मी दुसरं काय लिहू?"

"आता काहीच लिहू नकोस. उद्या मी स्वतः जाते. एक जरी घर खोटं निघालं तर यंदाची परीक्षा विसर आणि पदवीही विसर."

लुसुंगूचा बाप म्झुझूला शाळेत शिपाई. पोरीच्या पदवीवर घरातले सात जण डोळे लावून बसलेले. हे एस्नार्टला माहीत होतं. माहीत असूनच बोलली. तापट माणसं अशीच असतात. आपण न्यायाने बोलतोय असं त्यांना त्या वेळी अगदी मनापासून वाटत असतं.

दुपारी मात्र तिचं कशात लक्ष लागेना. चहा घेतला, तो खिडकीत विसरली. ती कोंबडी तिच्या डोक्यातून जाईना. खोटे कागद तिने आयुष्यभर बघितले होते. खोटं लिहिणारा "साधारण दोन बादल्या पीठ" असं लिहितो आणि पुढच्या घरी जातो. राखेतली कोंबडी कुणी बनवून सांगत नाही. तिने कपाट उघडलं. यंदाच्या बारा गावांतले बाजूला काढलेले कागद मोजले: एकसष्ट. खालच्या फळीवर गेल्या वर्षीचे, त्याखाली त्याच्या आधीचे. सोळा वर्षांचे गठ्ठे दोरीने बांधून ठेवलेले. फेकले नव्हते, कारण ती काहीच फेकत नसे. उभ्या उभ्या एकेक चाळत गेली. विधवा. विधवा. नवऱ्याने टाकलेली. आंधळी म्हातारी आणि दोन नातवंडं. विधवा. इतक्या निरनिराळ्या वर्षांच्या, निरनिराळ्या आळशी पोरांनी चुकवलेली घरं नेमकी एकाच तऱ्हेची कशी असतील?

"छे," ती मोठ्याने म्हणाली आणि कपाट लावून टाकलं. परत उघडलं. परत लावलं.

मंगळवारी सकाळी ती मिनीबसने नाक्यापर्यंत गेली आणि पुढे सायकल टॅक्सीवर मागे बसली. सायकलवाल्याचं नाव मॉफॅट. चिखलात चाक रुतलं की तो म्हणे, "बाई, उतरा." चढ आला की म्हणे, "बाई, उतरा."

"अरे, मी चालतच आले की! तुझी सायकल कशाला हवी होती मला?"

"सोबतीला, बाई. आणि उतारावर बघा ना, किती मजा येते."

चिंबालेत फैनेसचं घर सगळ्यांत टोकाला. दार उघडं, आत कुणी नाही. चुलीच्या तीन दगडांमध्ये राख, राखेत कोंबडी. ती एस्नार्टकडे बघून गुरगुरली आणि जागची हलली नाही.

फैनेस मागच्या वावरात मक्याला माती लावत होती. एक गुडघा नारळाएवढा सुजलेला. त्या गुडघ्यामुळे नोव्हेंबरपासून तिला कुणी मजुरीला बोलावत नव्हतं. पाहुणी बघून तिने हात पुसले, अंगणात चटई टाकली. एस्नार्टने कागद काढला.

"गेल्या सात दिवसांत किती पीठ शिजवलंस?"

"नाही शिजवलं."

"एकदाही नाही?"

"पीठच नाही तर काय शिजवू, माती?"

"मग खाल्लंस काय?"

"न्सिमा." हा प्रश्न कसला, अशा चेहऱ्याने फैनेस तिच्याकडे बघायला लागली. मक्याच्या पिठाची घट्ट उकड. तिथे जेवण म्हणजे तेच, बाकी सगळं तोंडी लावणं.

"कुणाची न्सिमा?"

"कुणाची म्हणजे? आमची."

"तुझी चूल तर पेटलेली नाही."

"बाई," फैनेस हळू आवाजात, लहान मुलाला सांगावं तसं म्हणाली, "तुम्ही कुठल्या? तुमच्यात ज्याचं त्याने शिजवून दार लावून खातात का?"

एस्नार्टने कागदाची घडी घातली. ती ह्याच भागातली होती, तीन डोंगर पलीकडच्या गावातली. तिच्या गावातही आपलं शिजवलेलं दार लावून खाणारीला चेटकीण म्हणत.

दुपारी थोरल्या बहिणीच्या, दोरिकाच्या, अंगणातून हाक आली. पुरुष झाडाखाली बसले, पोरं एका बाजूला, आणि बायकांची चटई पडवीत. बहिणी, मावश्या, भाच्या एकेक करून यायला लागल्या. प्रत्येकीच्या हातात झाकलेलं ताट. कुणाची न्सिमा, कुणाचा भोपळ्याचा पाला शेंगदाण्याच्या कुटात, कुणाची सुकी मासळी. झाकणं उघडली की आपापल्या ताटाबद्दल कुणी काही म्हणत नसे, पण सगळ्यांचे डोळे सगळ्या ताटांवरून फिरत. एस्नार्टला मधोमध बसवलं. तिला बसावंच लागलं.

फैनेस सगळ्यांत शेवटी आली. हातात पाण्याचा तांब्या. तिने सगळ्यांच्या हातांवर पाणी घातलं आणि चटईच्या कडेला, अर्धी चटईवर अर्धी मातीत, अशी टेकली.

"ये गं, ये," दोरिका म्हणाली. "पाव्हण्या बाई, ही आमची धाकटी. पोट पाखराचं हिचं. वाढा म्हणायच्या आत उठते."

"पाखराचं नाही तर काय," एक मावशी म्हणाली. "बिनओझ्याचं पाखरू. हात कसे मोकळे सोडून येते उडत उडत."

सगळ्या हसल्या. फैनेससुद्धा हसली. दुष्टपणा नव्हता त्यात. नणंदा-भावजयांत चालते तसली थट्टा. एस्नार्ट मात्र मोजत होती, तिला सवयच ती. दोरिकाने अकरा घास घेतले. मावशीने नऊ. फैनेसने तीन. तिसरा घास संपता संपता ती उठली आणि रिकामी झालेली ताटं गोळा करायला लागली. दोन्ही पोरं तिची तिकडे पोरांच्या घोळक्यात चांगली कोपरं मारून जेवत होती. पोरांना कुणी विचारत नाही तुमचं ताट कुठलं.

आणि मग एस्नार्टला तिच्या लहानपणची मलिता मावशी आठवली. मलिताही अशीच शेवटी यायची, पाणी घालायची, भांडी उचलायची. एस्नार्टच्या आईचं मडकं गावात सगळ्यांत मोठं. आई म्हणायची, "आमच्या मलिताला भूक लागत नाही, नुसती झोप लागते." ते ऐकून सगळ्यांत मोठ्याने हसायची ती सात वर्षांची एस्नार्ट. तिने ही चटई जन्मभर पाहिली होती, पण भरलेलं ताट आणणाऱ्या बाजूने. पुढे नॉर्वेच्या त्या गोऱ्या प्राध्यापकाने विचारलं, "तुमच्याकडे कुटुंब म्हणजे काय?" तेव्हा तिने बेधडक सांगितलं, "एक चूल." त्याला ते फार आवडलं. सुटसुटीत होतं. मोजता येत होतं. प्राध्यापकाला काय ठाऊक! तिला ठाऊक होतं.

ओढ्यावर फैनेस ताटं घासत होती. एस्नार्ट शेजारी जाऊन उभी राहिली, मग खाली वाकून तिने एक ताट उचललं आणि राखेने घासायला घेतलं.

"ठेवा, बाई. ते माझं काम."

"कुणी लावलं तुला ते?"

"कुणी नाही."

"रोज येतेस चटईवर?"

फैनेसने ताट पाण्यात बुडवलं. "दोन दिवस लागोपाठ रिकाम्या हाताने जाववतं. तिसऱ्या दिवशी डोकं दुखतं."

"कुणाचं?"

"माझं. तिसऱ्या दिवशी दुखतंच. मग पडून राहते. ताई पोराच्या हाती ताट पाठवते कधी कधी. कधी विसरते. तिचं काही चुकत नाही हो! तिचं वाईट लिहू नका. तिलाही पाच आहेत खाणारे."

"त्या पोरीला हे का नाही सांगितलंस?"

"तिने डोक्याचं कुठे विचारलं? पिठाचं विचारलं."

"कचेरीतून पीठ मिळालं तर काय करशील?"

"शिजवून चटईवर नेईन."

"सगळं? तिथे सतरा बायका आहेत, फैनेस. तुझ्या वाट्याला दोन घास येतील."

फैनेस पहिल्यांदा तिच्यावर चिडली. "मग काय घरात लपून खाऊ? चोर आहे का मी?"

परतताना एस्नार्ट सायकलवर बसलीच नाही. मॉफॅट सायकल हातात धरून शेजारून चालत होता आणि ती बोलत होती, त्याच्याशी नव्हे. सोळा वर्षं. दर वर्षी पन्नास-साठ घरं. पीठ कमी शिजवणाऱ्यांना पीठ दिलं, आणि जिच्याकडे शिजवायलाच काही नाही तिचा कागद बाजूला काढला, दोरीने बांधला, कपाटात ठेवला. वर पोरांना शिकवलं की अशी घरं जगात नसतात.

"बाई, आता उतार आहे," मॉफॅट म्हणाला.

"गप रे."

बुधवारी सकाळी ती वर्गात आली आणि वर्गाकडे पाठ करून उभी राहिली. "लुसुंगू, कोंबडी खरी आहे." एवढंच म्हणाली. वर्गाला कळेना, हसायचं की काय करायचं. लुसुंगू मात्र जागेवरून उठली.

"मॅडम, परवा तुम्ही म्हणालात मी आंब्याखाली बसले होते."

"म्हणाले."

"सगळ्यांसमोर म्हणालात."

एस्नार्टच्या हातात खडू होता, तो तिने तसाच दाबला आणि त्याचे दोन तुकडे झाले. "चुकले मी. सगळ्यांसमोर सांगते. झालं समाधान? आता बस. नाही, बसू नकोस. कुणीच बसू नका, काम आहे."

फळ्यावर तिने नवे प्रश्न लिहिले. सात दिवसांत किती वेळा ताट घेऊन चटईवर गेलात? किती वेळा रिकाम्या हाताने? किती वेळा गेलाच नाहीत? गेला नाहीत तेव्हा कोणी काही पाठवलं का? अकरा विद्यार्थी, एकसष्ट घरं, दोन दिवस. कुणी बसने, कुणी सायकलवर, कुणी पायी. चार घरं तिने स्वतः घेतली. जिथे गेली तिथे कुठे डोकं दुखत होतं, कुठे पोटात कळ येत होती, एका म्हातारीला तर तिसऱ्या दिवशी हटकून चर्चची आठवण व्हायची. गुरुवारी संध्याकाळपर्यंत त्रेचाळीस कागद आले. उरलेली अठरा घरं नदीपलीकडच्या दोन गावांत होती आणि नदीवरचा ओंडक्यांचा साकव वाहून गेला होता.

शुक्रवारी दहा वाजता ती जिल्हा कचेरीत. यादीचं टेबल लॅक्सनकडे. हा तिचाच विद्यार्थी, नऊ वर्षांपूर्वीचा. हुशार, नीटनेटका, कागदाचे कोपरे जुळवल्याशिवाय वाचायला न घेणारा. त्याने त्रेचाळीस कागदांचे कोपरे जुळवले आणि वाचले.

"मॅडम, ह्यांनी पीठ शून्य शिजवलंय."

"हो."

"शून्य हे उत्तर नाही."

"ते मला शिकवू नकोस, मी लिहिलंय ते."

"पण मॅडम, ही माणसं जेवतात. तुमच्याच कागदावर आहे, बहिणीकडे जेवतात. जेवतात म्हणजे उपाशी नाहीत. मग यादीत कशी घालू?"

"तीन घास, लॅक्सन. तेही आठवड्यातून चार-पाच दिवस. मी मोजलेत."

"घासांना रकाना नाही."

"मग आख एक. पट्टी नाही का तुझ्याकडे?"

लॅक्सनने पट्टी उचलली नाही. दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. "घालता येतील. पण नियम तुमचा आहे, तो चुकीचा आहे असं तुम्हीच लेखी द्यायला हवं. आणि तसं दिलंत की आधीच्या याद्याही चुकीच्या ठरतात. ते पत्र राजधानीत जाणार. सगळे तुमची पुस्तिका वापरतात, मॅडम. मार्चमध्ये तुमची प्राध्यापकपदाची मुलाखत आहे ना? पुढच्या जानेवारीत द्या की पत्र. एका वर्षाने काय बिघडतं?"

तो वाईट हेतूने बोलत नव्हता, हीच पंचाईत. तिला सत्तावन्न पूर्ण झाली होती. ह्या वर्षी नाही झालं तर ते पद पुन्हा येणार नव्हतं. नॉर्वेहून आल्यापासून दारावरच्या पाटीत एक शब्द वाढायची ती वाट बघत होती, आणि नाही बघत असं सगळ्यांना सांगत होती. ती खोलीबाहेर आली. आवारात एक फेरी मारली, दुसरी मारली. फाटकाशी बाई कणसं भाजत बसली होती. एक घेतलं, दोन दाणे खाल्ले, बाकीचं हातातच राहिलं. एक वर्ष. एका वर्षात एखाद्या बाईचं डोकं किती वेळा दुखेल, हे गणित तिला नको असतानाही जमलं. डोक्यात आकडे आपोआप जुळत जातात, हा तिचा रोगच होता.

आत येऊन तिने लॅक्सनचं पेन उचललं आणि उभ्यानेच लिहिलं. "पुस्तिकेतला नववा नियम चुकीचा आहे. तो मी लिहिला. त्याच्यामुळे सोळा वर्षं, ज्या घरी काहीच शिजत नाही ती घरं यादीबाहेर राहिली. पाहणी करणाऱ्यांची चूक नव्हती. पहिला नियमही तपासावा लागेल." खाली सही ठोकली.

मार्चमधल्या मुलाखतीचं आत्ताच सांगून टाकते, म्हणजे वाट बघायला नको: पद दुसऱ्याला गेलं. समितीने हेच पत्र पुढे ठेवून विचारलं, "हे तुमचंच?" ती म्हणाली, "अक्षर ओळखता येत नाही का?" पत्र नसतं आणि असं उत्तर दिलं असतं तरी पद गेलंच असतं, असं तिची मुलगी म्हणते. असेलही.

लॅक्सनने त्रेचाळीस नावं यादीत चढवली. "आणि अठरा?" एस्नार्टने विचारलं.

"त्यांची नवी पाहणी झालेली नाही."

"नदी आहे मध्ये."

"मॅडम, नदीला मी काय करू?" मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत, जणू कॅलेंडरलाच सांगावं तसं, म्हणाला, "ट्रक सोमवारी सकाळी सातला भरतो. त्याआधी कागद आला तर शुक्रवारचे बारा वाजून गेले होते की नाही, ते मी बघायला जाणार नाही."

शनिवारी पहाटे लुसुंगू न बोलावता मिनीबसच्या थांब्यावर उभी होती. एस्नार्टने विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. नदीवर पिटर नावाचा म्हातारा डोणी घालून माणसं उतरवत होता. बाईंना बघून म्हणाला, "डोणीत उभं राहता येणार नाही, आधीच सांगतो. उभे राहतात ते मगरीचे." दोन दिवस त्या दोघी नदीपलीकडच्या गावांत फिरल्या. चिखलात एस्नार्टच्या बुटाचा तळ सुटला, तो लुसुंगूने सालपटाने बांधून दिला. रविवारी दुपारपर्यंत सतरा कागद भरले.

अठराव्या घरातली बाई एलिफा. नवरा तीन वर्षांपूर्वी खाणीत कामाला गेला तो गेलाच. अंगण लख्ख झाडलेलं, भांडी उलटी मांडून वाळत घातलेली, चुलीचे दगड धुतल्यासारखे स्वच्छ. अंगावरचं कापड जुनं, पण इस्त्री केलेलं. तिने त्यांना लाकडी पाट दिले.

"सात दिवसांत किती वेळा ताट घेऊन चटईवर गेलात?" लुसुंगूने विचारलं.

"रोज."

"रिकाम्या हाताने?"

"एकदाही नाही."

"काही दिवस गेलाच नाहीत, असं?"

"कशाला जाणार नाही? माझ्या बहिणी आहेत त्या."

लुसुंगूने चुलीकडे बघितलं. एलिफाने तिला चुलीकडे बघताना बघितलं. मग ती उठली, पदरासारखं कापड खांद्यावर ओढून घेतलं आणि म्हणाली, "आमच्याकडे पीठ कमी पडलं तर आम्ही सांगू. अजून पडलेलं नाही. लांबून आलात, पाणी घ्या."

दोघींनी पाणी घेतलं. कुंपणाबाहेर आल्यावर लुसुंगू थांबली. "मॅडम, खोटं आहे हे. ती चूल महिनाभर पेटलेली नाही. शेजारी विचारूया?"

"शेजारणीला विचारलं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळेल की एलिफाकडे पीठ नाही. आणि तेच लपवायला ती दगड धुते आहे."

"मग तुम्ही लिहा ना. यादीत घाला. आपल्याला दिसतंय!"

"मलाही फार दिसायचं, सोळा वर्षं. ती म्हणाली तेच लिही."

"मग तिला पीठ मिळणार नाही."

"नाही मिळणार."

लुसुंगूने लिहिलं: रोज, शून्य, शून्य. सोमवारी साठ नावं जाणार, एकसष्टावं नाही. दोघी नदीकडे निघाल्या. एस्नार्ट अर्ध्या वाटेवर थांबली, मागे वळून चार पावलं गेली, परत आली. डोणीत बसल्यावरही तिचं तोंड थांबेना. वहीच्या मागच्या पानावर ती खरडत होती आणि मोठ्याने वाचत होती. "गेल्या आठवड्यात बहिणींकडे किती ताटं आली? नको, ह्याने बहिणीच नाराज होतील. तुमच्या ओळखीत कुणाचं पीठ संपलंय का? छे, ती शेजारणीचं नाव सांगेल. घरात पाहुणा आला तर आज काय वाढाल?"

"हे बरंय," लुसुंगू म्हणाली.

वल्हं मारता मारता पिटरने मान हलवली. "असं विचारलंत तर मीसुद्धा खोटंच सांगेन, बाई."

"का रे?"

"पाहुणा उपाशी जाईल असं कोण बोलेल तोंडाने?"

एस्नार्टने ती ओळ खोडली, पेन तोंडात धरलं आणि दुसरी लिहायला घेतली.